फुंकायच्या मशीनची चूक

४ तारीख, सोमवार
सूतगिरणीत नवं फॅड. कापूस पिंजायच्या खात्यातल्या सगळ्यांनी शुक्रवारी मशीनमध्ये फुंकायचं. जिचा श्वास कमी भरेल तिची बदली वर पॅकिंगला. आणि पॅकिंगची मुकादम कोण, तर माझी धाकटी जाऊ! तिच्या हाताखाली मी? मेले तरी नाही. तसा प्रश्नच येत नाही म्हणा. मी हाक मारली की गेटवरचा वॉचमन दचकतो. खोकला आहे, पण तो सवयीचा.

५ तारीख, मंगळवार
दवाखान्यातल्या नर्सला गाठलं. म्हणाली, एरवीचा श्वास अर्धा लिटर. जोर लावला की आत आणखी मावतो, जोर लावला की बाहेरही आणखी निघतो. छाती गच्च भरून पार रिकामी केली की जेवढा निघेल, तेवढा मोजतात. तरी लिटरभर हवा आत राहतेच. म्हटलं, आळशांची राहत असेल. तर म्हणे मावशी, सगळ्यांची राहते, नाहीतर फुफ्फुस मिटून जाईल. पोरगी नवीन आहे. मी सगळी काढणार.

६ तारीख, बुधवार
सरावाला फुगे आणले. पहिला लिंबाएवढा झाला आणि मला ठसका लागला. फुगेच खराब. नवऱ्याने त्यातलाच एक एका दमात टम्म फुगवला. वर मला म्हणतो, खोकल्याचं डॉक्टरला सांग. म्हटलं, तुम्ही दिवसभर बसून असता, तुमचा श्वास खर्च होतो कुठे?
उद्या सराव नाही. श्वास साठवते.

८ तारीख, शुक्रवार
डॉक्टर म्हणाला, छाती भरा, नळी तोंडात धरा, संपेपर्यंत फुंका. छाती भरली. म्हटलं, भरली बघा, आता बघत राहा. अर्धा श्वास तिथेच गेला. दुसऱ्या खेपेला सांगावं लागलं की पहिला आकडा धरू नका. तिसऱ्या खेपेला धाकटी दारातून म्हणाली, ताई, बोलू नका, फुंका. आता तिला उत्तर द्यायला नको?
चौथ्या खेपेला तोंडातून शब्द काढला नाही. सगळा जीव ओतला. आकडा कमीच. म्हटलं, आत राहिलेला तो लिटर धरा की, तोही माझाच आहे. तर म्हणे, तो या मशीनला मोजता येत नाही. मग ठेवलंय कशाला असलं मशीन? नळी गळत असणार.

११ तारीख, सोमवार
पॅकिंगला आजपासून. चार दिवसांत नळी बदलतील, मग खाली परत.
धाकटी जिन्यापाशीच उभी. म्हणाली, ताई, खिडकीजवळची जागा ठेवलीय तुमच्यासाठी, तिथे धूळ येत नाही. टोमणाच तो. असं झणझणीत उत्तर सुचलं! म्हटलं, वर जाऊन सगळ्यांसमोर ऐकवते. जिन्याच्या वळणावर पायरीवर बसावं लागलं. धाकटीने माझा डबा हातातून घेतला आणि शेजारी बसली.
श्वास परत यायला बराच वेळ लागला. तोवर उत्तर विसरले होते.