तिन्हींतला लहान आकडा

तांडापेठ, नागपूर
दि. २७ जुलै २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

लिहून देणार देवराव गोविंदराव बारापात्रे, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, धंदा पूर्वी हातमाग विणकाम, सध्या काही नाही, राहणार वरीलप्रमाणे, सत्य तेच लिहून देतो. तू हसशील. तुझी आजीही हसली. परंतु विणकर सोसायटीच्या चौकशीत मी याच रीतीने जबानी दिली होती व तिच्यातले एक अक्षर कोणाला बदलता आले नाही. गंभीर विषयाला हीच सुरुवात मला योग्य वाटते.

विषय तुझ्या आजीच्या रक्तदाबाचा आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तू पाठवलेल्या यंत्रावर मी १ जूनपासून रोज सकाळी सात वाजता तो मोजतो आणि रेघा आखलेल्या कागदावर शाईने उतरवतो. कालपर्यंत छप्पन्न दिवस झाले. एकही दिवस खाडा नाही. वरचा आकडा १३४ च्या वर गेला नाही व १२६ च्या खाली आला नाही. जूनचा कागद पाहून डॉक्टर खूष झाले, असा कागद आमच्या दवाखान्यातही कोणी ठेवत नाही असे म्हणाले, आणि १ जुलैपासून त्यांनी गोळी अर्धी केली. आता २५ ऑगस्टला, पोळा आटोपल्यावर, बोलावले आहे. आकडे असेच राहिले तर उरलेली अर्धीही बंद होईल.

अडचण अशी की आकडे उत्तम आहेत आणि माणूस उत्तम नाही. सकाळी उठताना ती भिंत धरते. विचारले तर वय झाले म्हणते. शहात्तर हे काय वय आहे? मला स्वस्थ बसवत नाही. हे पत्र लिहिताना मी चार वेळा उठलो आणि दोनदा स्वयंपाकघरात डोकावलो. दुसऱ्या खेपेस तिने मला, कणकेचा उंडा चोरायला आलात काय, असे विचारले.

तुझे वडील बुटीबोरीला कारखान्यात पाळ्या करून तुला पुण्यात संख्याशास्त्र शिकवतात, तेव्हा त्या शास्त्राचा घरालाही उपयोग व्हावा. छप्पन्न आकड्यांची नक्कल सोबत जोडली आहे. यंत्र बिघडले आहे, की तुझी आजी सोंग करते, की तिसरेच काही, ते पाहून लेखी कळव. फोन करू नको. फोनवरचे बोलणे पुन्हा वाचता येत नाही.

उत्तरास विलंब न करणाऱ्या नातवंडांवर माझा लोभ जास्त असतो, हे ध्यानात असू दे.

तुझा आजोबा,
देवराव बारापात्रे


पुणे
दि. १ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींस,
हिमानीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचा कागद पाहून माझ्या खोलीतल्या नंदिनीने हा छापून आणला का, असे विचारले. हाताने लिहिलाय आणि लिहिणारे ब्याऐंशीचे आहेत हे तिला अजून पटलेले नाही. इथे पाऊस आहे, मेसची पोळी तशीच आहे आणि परीक्षा सप्टेंबरात आहे. एवढी बातमी पुरे.

तुमचे छप्पन्न आकडे मी आलेखावर मांडले. आबाजी, रक्तदाब एका जागी उभा राहत नाही. जिना चढला, हाक मारली, दूध उतू गेले, की तो हलतो. मी माझा तीन दिवस मोजला तर एकोणीसचा फरक पडला. आजीचा छप्पन्न दिवसांत फक्त आठचा. यंत्र बिघडले असते तर आकडे वेडेवाकडे आले असते. हे आकडे जरा जास्तच शहाणे आहेत. कोणीतरी निवडून घेतल्यासारखे वाटतात.

म्हणून एकच विचारते. सकाळी सात वाजता तुम्ही नेमके काय काय करता, पट्टा बांधण्यापासून शाईपर्यंत, ते पायरीपायरीने लिहा. आजी सोंग करत नाही. भिंत धरणाऱ्या माणसावर आकड्याआधी विश्वास ठेवावा.

रागावू नका. रागावलात तरी आधी उत्तर लिहा. आजीला नमस्कार.

तुमची,
हिमानी


तांडापेठ, नागपूर
दि. ६ ऑगस्ट २०२५

चि. हिमानीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र काल मिळाले. ते मी उभ्याने वाचले आणि अजून बसलेलो नाही. 'निवडून घेतल्यासारखे' हा शब्द तू तुझ्या आजोबाला लिहिलास. चौथी शिकलेल्या माणसाला एवढा शब्द कळतो.

तू पायरीपायरीने विचारलेस, म्हणून तसेच सांगतो. सात वाजता मी हाक मारतो. ती स्वयंपाकघरातून येते. पट्टा बांधून मी लागोपाठ तीन वेळा मोजतो आणि तिन्हींत जो सर्वांत लहान आकडा येईल तो लिहितो. बाकीचे दोन लिहीत नाही. होय, मी निवडतो. ही निवड मी आज शिकलेलो नाही.

लुगडे सोसायटीत जमा करण्याआधी मी ते घरी गजाने तीन वेळा मापत असे. कापड ताणले तर जास्त भरते, सैल धरले तर कमी. जे सर्वांत लहान भरेल तेच माप मी चिठ्ठीवर लिहीत असे. एकतीस वर्षांत माझे लुगडे सोसायटीच्या टेबलावर बोटभर कमी भरले नाही. मोठे माप लिहिणाऱ्यांचे कमी भरले की चारचौघांत त्यांचे नाव निघे. तुझ्या आजोबाचे नाव निघाले नाही. जास्त लिहिणे ही लबाडी आणि कमी लिहिणे ही सचोटी, हे मला तुझ्या वयाच्या आधी कळले होते.

माझ्या कागदात लपवलेले काही नाही. गेल्या रविवारी तुझ्या आजीच्या डाव्या कोपराला दाराची कडी लागली, म्हणून ४ ऑगस्टपासून पट्टा उजव्या दंडाला बांधतो. तीही नोंद शेऱ्याच्या रकान्यात आहे. २५ तारखेस हा कागद मी डॉक्टरांपुढे ठेवणार आणि ते काय ते ठरवतील.

माझ्याकडून या विषयावर यापुढे काही लिहिले जाणार नाही. तब्येतीस जप.

देवराव बारापात्रे


तांडापेठ
७ ऑगस्ट

हिमानीले आजीचा लय आशीर्वाद.

मले लिहिता येत नाही म्हणून शेजारची उत्तरा लिहून राहिली. म्या तिले म्हणलं, मी बोलली तसंच लिही वं, शिकलेल्यावाणी करू नको.

तू आबाजीले काय लिहिलं? परवापासून घरात येरझाऱ्या घालून राहिला. दारापर्यंत जाते, वापस येते. चष्मा लावते, काढते. आज सकाळी कांदे आणाले गेला अन् रिकाम्या पिशवीची घडी करून वापस आला. म्या विचारलं, कांदे महाग होते का? म्हणते, कांद्याचा विषय काढू नको.

त्याचं काही खोटं नाही बाई. तीन डाव मोजते, हे खरं. पण पहिल्या डावाले मी शेगडीपासून आल्याआल्या बसते, मंग आकडा वर राहते. त्याचं तोंड एवढंसं होऊन जाते. थे मले पाहवत नाही. मंग मी डोळे मिटते, लांब लांब श्वास सोडते, तुमचे साऱ्याईचे नावं मनात घेते, अन् तिसऱ्या डावाले आकडा उतरते. त्याले वाटते का त्यानंच उतरवला. मंग दिवसभर चांगला राहते. भाजीले नावं ठेवत नाही.

आता खरी गोष्ट. गोळी अर्धी झाली तवापासून उठली का घर फिरते. इतवारी मोरीपाशी पडली. कोपर सुजलं. त्याले सांगतलं, कडी लागली. तू बी सांगू नको, नाही तं थो जेवणार नाही. पण थे डॉक्टर अर्धी गोळीही बंद करतो म्हणतेत. मले भेव वाटून राहिलं. तुले नाही सांगू तं कोणाले सांगू?

अंगावर पोळी कमी दिसून राहिली तुह्या फोटोत. खात जाय.

तुही आजी
(लिहिणार उत्तरा. ताई, कोपर खरंच बरंच सुजलं आहे.)


पुणे
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तीन फोन केले. तिन्ही वेळा तुम्ही झोपला आहात असे कळले, त्यातला एक सकाळी अकरा वाजता. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते.

'निवडून' हा शब्द लागला असेल तर माफी मागते. तुम्ही कधी लबाडी केली नाहीत हे मला ठाऊक आहे. तुमच्या लुगड्यांवर पप्पा शिकले आणि त्यांच्या पाळ्यांवर मी. पण एक गोष्ट तुमच्याच गजाने मापून बघा. लुगडे तुमचे होते. लहान माप लिहिले तर बोटभर तोटा तुमचा होता, म्हणून ती सचोटी होती. हा आकडा तुमचा नाही. तो लहान लिहिला की बोटभर गोळी आजीची जाते.

आमच्या शास्त्रातले एवढेच सांगते. सगळी मापे धरली तर कमी चुकलेले आणि जास्त चुकलेले एकमेकांना सांभाळून घेतात. रोज लहानच उचलले तर चूक एकाच बाजूला साचत जाते. छप्पन्न दिवस काय, छप्पन्न वर्षे मोजले तरी ती फिटत नाही.

आजीला आधी पाच मिनिटे नुसते बसू द्या. मग तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे लिहा. पहिला सोडून बाकी दोन सरासरीला घ्या. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. आणि पट्टा बांधल्यावर आजीने रोजच्यासारखा श्वास घ्यावा, डोळे उघडे ठेवावेत. हे मला कसे सुचले ते विचारू नका.

२५ तारखेची वाट पाहू नका. मीच डॉक्टरांना फोन करणार होते, पण कागद तुमच्या हातचा आहे, तो तुम्हीच दुरुस्त करावा. पुढच्या सोमवारपर्यंत तुम्ही गेला नाहीत तर मात्र मी फोन करीन. तेवढ्यापुरती मीही तुमचीच नात आहे.

माझ्यावरचा राग पोस्टाने पाठवला तरी चालेल, माया मात्र तिथेच जपून ठेवा.

हिमानी


तांडापेठ, नागपूर
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या विषयावर लिहिणार नाही असे मी लिहिले होते. ते मागे घेतो.

तुझे पत्र चौदा तारखेस आले. ते वाचून मी गोळीबार चौकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पानवाल्याने काही हरवले काय असे विचारले. 'लुगडे तुमचे होते' या तुझ्या वाक्याला उत्तर मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालून शोधले. मिळाले नाही.

पंधरा, सोळा, सतरा या तारखांना तू सांगितल्याप्रमाणे मोजले. डोळे उघडे ठेव म्हटल्यावर तुझ्या आजीने माझ्याकडे असे पाहिले की मीच आपले मिटले. पहिल्या बैठकीचा पहिला आकडा १७१ आला. तोही शाईनेच लिहिला. सहा बैठकांचे पहिले आकडे सोडून बारा उरले. त्यांची बेरीज एक हजार आठशे बहात्तर. भागिले बारा, एकशे छप्पन्न. बाकी शून्य. मी भागाकार तीनदा केला. या खेपेस तिन्ही उत्तरे सारखी आली, निवडायला जागा राहिली नाही.

काल सोमवारी दवाखान्यात गेलो. आमच्यापुढे अकरा जण होते. नंबर आल्यावर मी बसलो नाही. जुना कागद व नवा कागद टेबलावर ठेवले आणि दार उघडे असताना सांगितले की १४ ऑगस्टपर्यंतचे आकडे यंत्राचे होते, परंतु निवड माझी होती, ती चुकीची होती, आणि गोळी माझ्या कागदावरून कमी झाली आहे. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. मग गोळी पूर्ववत सुरू केली, पंधरा दिवसांनी तिन्ही आकडे घेऊन बोलावले, आणि मला खुर्ची दिली. ती मी घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी आपला पट्टा बांधायला तुझ्या आजीचा डावा हात मागितला. ती देईना. त्यांनी कोपर पाहिले, माझा शेरा वाचला आणि दाराची कडी इतक्या खाली कुठे असते असे विचारले. तेव्हा तिने सांगितले की ती त्या रविवारी मोरीजवळ पडली. मी तिथेच विचारले की मला का सांगितले नाहीस. ती म्हणाली, तुमचा आकडा चांगला आला होता, मी काहून बिघडवू?

हिमानी, त्या रविवारी सात वाजून गेले होते. ती माझ्यापासून दहा पावलांवर पडली. मी त्या वेळी ओटीवर बसून त्या दिवसाचा आकडा शाईने लिहीत होतो. भांडे पडल्याचा आवाज आला असे मला आठवते. आकडा पुरा केला, मग हाक मारली. ती म्हणाली, काही नाही.

कागदाच्या शेऱ्यातली 'दाराची कडी' ही नोंद मी खोडली आहे. खाडाखोड माझ्या कागदावर पहिलीच. खाली सही केली आहे.

तू आहेस तशीच राहा, आणि तुझ्या आजोबाला विचारायचे ते याच शब्दांत विचारत जा.

वरील कथन मी दवाखान्यात केले त्या वेळी हजर :
१. दुर्गेश, कंपाउंडर.
२. सौ. उत्तरा, शेजारी.
३. रांगेतले लोक, ज्यांची नावे विचारण्याचा मला धीर झाला नाही.
४. सौ. तुळजाबाई देवराव बारापात्रे, वय शहात्तर. निशाणी उजव्या हाताचा अंगठा, डावे कोपर सुजलेले असल्यामुळे.