रिकाम्या बराकीचा आनंद

अण्णा,

सरकार एक जेल कंपनीला चालवायला द्यायचं म्हणतंय, हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात. मग टोपी काढून डोकं खाजवलं असतं आणि म्हणाला असतात, "म्हंजी कैदी सुटला का यांचं गिऱ्हाईक तुटलं. मंग सोडतील काय हे?" आणि तुमच्यापुरता विषय तिथंच संपला असता. मला मात्र तेवढंच कळायला तीन महिने लागले, एवढी कायद्याची बुकं वाचून. म्हणून आज, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर, रविवारच्या सकाळी चहा तसाच निवत ठेवून तुम्हाला लिहायला बसलेय.

घाबरू नका, तुमचं जेल आहे तिथंच आहे. पण आत माणसं मावेनात, म्हणून शहराबाहेर नवीन बांधायचं घाटतंय. ते एका कंपनीने बांधायचं आणि पुढे चालवायचंही तिनेच. पहारा, स्वयंपाक, दवाखाना, सगळं. हे करावं की नाही यावर मत द्यायला पाच जणांचा गट नेमला. त्यात निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक अशी वजनदार माणसं, आणि पाचवी मी, नाशिकच्या कोर्टात सत्तावीस वर्षं फौजदारी वकिली करणारी. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध. म्हणजे माझं मत ज्या पारड्यात पडणार, तिकडेच गटाची शिफारस झुकणार. तुमच्या लेकीला कधी नव्हे ते एवढं महत्त्व आलं आणि तिची झोप उडाली.

खरं सांगते, मी आधी हो म्हणणार होते. कंपनीतर्फे आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, हुशार, आणि मनापासून बोलणारी. तिने पडद्यावर एकेक चित्र दाखवलं. पांढरेशुभ्र संडास, प्रत्येकाला झोपायला स्वतंत्र ओटा, चोवीस तास डॉक्टर, घरच्यांशी बोलायला फोन, भेटीला येणाऱ्यांसाठी पंख्याखाली खुर्च्या. मी ते संडासाचं चित्र बघत बसले. माझे किती अशील दोन-दोन वर्षं आत काढून आलेत, खटला उभा राहण्याआधीच, आणि बाहेर आल्यावर सगळ्यात आधी सांगतात ते सकाळच्या त्या रांगेचं. सरकारने इतक्या वर्षांत जे केलं नाही ते ही पोरगी करून देते म्हणतेय, तर आपण का आडवं यायचं? प्राध्यापक विरोधात तावातावाने बोलत होते. मी मनात म्हटलं, अहो, तुम्ही कधी जेलचा दरवाजा तरी पाहिलाय का? आणि मग लक्षात आलं की हाच प्रश्न मला कोणी विचारला तर पंचाईत होईल. कारण मी पाहिलाय, आणि कसा पाहिलाय ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

तुमची गेटवरची ड्यूटी. मी नऊ-दहा वर्षांची, क्वार्टरमधून तुमचा डबा घेऊन येते आणि बाहेरच्या लिंबाखाली उभी राहते. सुटणारी माणसं सकाळी बाहेर पडतात. आत येताना जे कपडे अंगावर होते तेच त्यांना परत मिळतात, आणि पाच-सात वर्षांनी ती पँट कमरेवर राहत नाही. कोणी एका हाताने पँट धरून, दुसऱ्या हाताने पिशवी धरून बावरल्यासारखा उभा. तुमच्या खिशात सुतळीचं गुंडाळं असायचंच. दातांनी तोडून तुम्ही एक तुकडा त्याला देता. "बांध. घरी जाताना माणसाचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत." तो सुतळी बांधतो, वाकून नमस्कार करतो आणि सवयीने म्हणतो, "येतो, साहेब." मग तुमचा पारा चढतो. "येतो? परत येतो? जातो म्हण!" आता लहानपणापासून ज्याच्या आईने उंबऱ्यावर 'जातो' म्हटल्याबद्दल धपाटे घातलेत, त्याची जीभ वळेल कशी? मला एक पेठकडचा उंच माणूस आठवतोय. तीनदा "येतो"च म्हणाला. तुम्ही तिसऱ्यांदा ओरडलात तेव्हा त्याने कान धरले, डोळे मिटले आणि कसाबसा म्हणाला, "जातो." मग स्वतःच हसत सुटला आणि हसता हसता रडायला लागला. तुम्ही तोंड फिरवून मला म्हणालात, "डबा दे आन् पळ, शाळा हाय ना?" दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन आईला ऐटीत म्हटलं, "जाते गं." असा धपाटा बसला की विचारू नका. तुम्ही चहाची बशी तोंडाला लावून खो खो हसत होतात. आई तुमच्यावरच घसरली, "जेलातले कायदे जेलात ठेवा!"

तुम्ही रागवायचात कमी, पण रागावलात की जन्मभर लक्षात राहायचं. क्वार्टरच्या वाफ्यांना पाणी घालायला आतला एक माणूस येत असे, शिक्षा संपत आलेला. माझ्या मोगऱ्याला पाणी कमी पडलं म्हणून मी ओट्यावरून ओरडले, "ए कैदी, इकडे घाल ना!" तुम्ही आतून ऐकलंत. मारलं नाहीत. माझा दंड धरून मला त्याच्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "यांना नाव इचार." मी विचारलं. "आता गाव इचार." विचारलं. "आता म्हण, काका, माझ्या झाडाला पाणी घालता का." त्या काकांना माझ्याहून जास्त संकोच झाला होता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो साहेब, लेकरू हाय." तुम्ही म्हणालात, "लेकरू हाय म्हणूनच. शिक्षा कोर्टानं दिली, तिच्यात वरून आपली भर कशाला?" अण्णा, मी वकिलीत मोठमोठे निकाल वाचले, पण कैद्याच्या हक्कांबद्दल याहून सोपं वाक्य मला सापडलं नाही.

आणि ती जिलेबी. एका आठवड्यात बऱ्याच जणांना जामीन झाला आणि तुमच्याकडची एक बराक अख्खी रिकामी झाली. तुम्ही संध्याकाळी जिलेबीचा पुडा घेऊन आलात. आई म्हणाली, "काय हो, बढती मिळाली का?" तुम्ही म्हणालात, "बराक रिकामी झाली. चुना मारायला घेतली." आईला काही केल्या त्यातला आनंद कळेना. "आन् सगळंच जेल रिकामं झालं मंजी? नोकरी जाईल ना तुमची!" तुम्ही जिलेबी तोडत म्हणालात, "जाऊ दे की. चांदवडला जाऊन कांदे काढीन. लय मजेत काढीन." आई कपाळाला हात लावून बसली. आम्ही पोरांनी जिलेबी खाल्ली. त्या वेळी मला एवढंच वाटलं की आपले अण्णा जरा येडेच आहेत.

आता खरी गोष्ट सांगते. गटाची शेवटची बैठक आठ दिवसांवर आली तेव्हा मी कंपनीच्या कराराचा मसुदा नीट वाचायला घेतला. चांगली कलमं बरीच होती, मी खुणा करत चालले होते. मागच्या बाजूला एक कलम आलं. जेलमधल्या ठरलेल्या इतक्या जागा कायम भरलेल्या राहतील अशी हमी सरकारने कंपनीला द्यायची, आणि कमी भरल्या तरी त्या भरल्याच आहेत असं धरून माणशी पैसे मोजायचे. मी दोनदा वाचलं. मग डोळ्यांपुढे तुम्ही आलात, जिलेबीचा पुडा घेऊन. बराक रिकामी झाली म्हणून ज्याला गोड खावंसं वाटतं त्याच्या हातात किल्ली असणं, आणि बराक रिकामी झाली की ज्याच्या पोटात गोळा येतो त्याच्या हातात किल्ली असणं, यात फरक आहे की नाही? कोणाची रजा, कोणाची माफी, कोणाची चांगली वागणूक, हे सगळं आत किल्लीवाल्याच्या शेऱ्यावर चालतं, हे तुम्हीच मला सांगायचात. कंपनीतली माणसं वाईट असतील असं मी म्हणत नाही. ती पोरगी तर सोन्यासारखी. पण ज्याचं दुकान माणसं आत राहण्यावर चालतं, त्याने ती बाहेर जावीत म्हणून जीव का टाकावा?

तरी मन ठरेना. संडासाचं ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी उठले आणि जेलबाहेर भेटीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. काळा कोट न घालता. माझ्यापुढे नामपूरकडची एक बाई, डोक्यावर पदर, हातात केळ्यांची पिशवी. मी विचारलं, कोण आहे आत? "मना आंडोर मझार शे, बाई," ती म्हणाली. पोरगा आत होता, मारामारीच्या केसमध्ये, जामीन होऊनही जामीनदार मिळत नव्हता म्हणून. मी तिला सगळं समजावून सांगितलं, कंपनी, पंखे, खुर्च्या, फोन. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "पंखा चांगला शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "पन तो घर कवय ई, ते सांग ना." मसुद्याच्या तेवढ्या पानांत पोरं घरी कधी जाणार याबद्दल एक ओळ नव्हती. आणि खरं बोलायचं तर आमच्या गटाला आलेल्या सरकारी टिपणांतही नव्हती. ते तरी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

घरी येऊन मी माझं मत लिहिलं. इमारत कंपनीने बांधावी, संडास तिनेच स्वच्छ ठेवावेत, पंखे लावावेत, डॉक्टर नेमावा, देव तिचं भलं करो. किल्ली, शिक्षा, रजा आणि सुटका सरकारी माणसाकडेच राहावी. जागा भरण्याची हमी पूर्ण काढून टाकावी. आणि जेल सरकारचं असो वा कंपनीचं, किती माणसं घरी गेली आणि परत आली नाहीत, यावरून त्याचं काम जोखावं. अण्णा, लिहिताना मला वाटत होतं की तुम्ही सांगताय आणि मी उतरवून घेतेय, फक्त तुमच्या भाषेतल्या शिव्या गाळून.

बैठकीत मी ते वाचून दाखवलं. कंपनीच्या मुलीने हात वर केला, "मॅडम, हमी नसेल तर असा करार कोण करेल?" मी म्हटलं, "बाळ, रिकामं जेल हा ज्याला तोटा वाटतो त्याने करूच नये." डॉक्टर, जे कंपनीच्या बाजूचे होते, चष्मा पुसत म्हणाले की हमीचं कलम त्यांनी वाचलंच नव्हतं. मग न्यायाधीशांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, कायदा आम्हीही वाचलाय. पण ही रजा, शेरा, किल्ली, इतकं आतलं तुम्हाला कुठून माहीत?" नेहमीचं उत्तर तयार होतं. अशील सांगतात, अनुभव आहे, वगैरे. ते म्हटलं असतं तर वकिलीण बाईंचं एक मत म्हणून ते बाजूला पडलं असतं. मी म्हटलं, "माझे वडील जेलमध्ये शिपाई होते. गेटवर. मी जेलच्या क्वार्टरमध्ये वाढले." आणि मग बोलतच सुटले. बराक, जिलेबी, चांदवडचे कांदे. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिहून घेणाऱ्याला सांगितलं, "हे इतिवृत्तात घ्या. जसं बोलल्या तसं."

डॉक्टर आमच्या बाजूला आले. मत चार विरुद्ध एक झालं. पुढे सरकार काय करेल ते सरकार जाणे, पण परवा त्या मुलीचा फोन आला, की हमी वगळून नुसती बांधणी आणि देखभाल, असा नवा प्रस्ताव तिने वरिष्ठांपुढे ठेवलाय. आवाजात उत्साह होता. नामपूरच्या बाईच्या पोराचं वकीलपत्र मी घेतलं, जामीनदार मिळाला, गुरुवारी तो घरी गेला. एवढं झालंय. चांगलं झालंय ना?

आता राहिलेलं सांगते, त्याशिवाय उठणार नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मी स्वतःच्या हाताने माहितीचा कागद लिहिला होता. तुमच्या नावापुढे मी लिहिलं, 'सरकारी सेवेत'. कुठल्या सेवेत ते लिहिलं नाही. कॉलेजातही कधी सांगितलं नव्हतं. तो कागद तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचलात, माझ्या जन्मवेळेतली एक चूक दाखवलीत आणि "बेस झालंय" म्हणून परत दिलात. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले की ती ओळ तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्या लक्षात आली होती, अण्णा. मला ते तेव्हाच कळलं होतं.