पेट्रोल शाकाहारी असल्याबाबत

ती. मामांना,

जावयाचा नमस्कार. (वाकून करतोय, पण दात-ओठ खात करतोय, हे आधीच सांगतो.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठणठणीत आहोत. फक्त तुमच्या ताई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुठल्याही गाडीत बसायला तयार नाहीत, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

तुम्ही जन्मभर दगडांचा अभ्यास केलात याचा मला अभिमानच आहे. पण चार दिवस पाहुणे म्हणून आलेल्या माणसाने पत्ते खेळावेत, पेपर वाचावा. तुम्ही आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या एकावर एक रचल्यात, तळाशी एक अंजीर ठेवलंत, आणि हा समुद्राचा तळ, हा गाळ, हा त्यावरचा गाळ, असं म्हणत स्वतः वर चढून बसलात. हवा लागली नाही की मेलेला जीव पुरता कुजत नाही, वरून दाब, खालून उष्णता, आणि कोट्यवधी वर्षांनी तेल. (आम्हाला एवढं थांबावं लागलं नाही. अंजिराचा डाग दुसऱ्याच दिवशी माझ्या गादीच्या आरपार आला.) सासूबाईंनी एवढंच विचारलं, की जीव कुठले? तिथे तुम्ही झाडपाला म्हणून मोकळे झाला असतात तर काय बिघडलं असतं? पण नाही. समुद्रातले बारीक बारीक जीव, म्हणालात. ज्यांनी जन्मात अंडं फोडलं नाही, त्यांना. वर आणखी ते जमिनीखाली 'शिजले' म्हणालात. त्या माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे जावईबापू, तुम्ही पंपावर रस्सा विकता."

बरं, तुम्ही भेट दिलेला तो माशाचा दगड मात्र त्यांच्या उशाशी आहे. त्यात मासा उरलाय कुठे, म्हणतात, हाडांच्या जागी पाण्यातले क्षार बसले, नुसता आकार राहिला, माझ्या भावानेच सांगितलंय. कोळशावरही त्यांचा राग नाही, कारण तो दलदलीतल्या झाडांचा. कोळशाची आगगाडी आणा, लगेच बसते, म्हणतात. (आता ती मी कुठल्या भंगारातून आणू?) घरात बसून राहिल्या असत्या तरी मी गिळलं असतं. पण रोज संध्याकाळी चालत पंपावर येतात, माझ्याच खुर्चीत बसतात, आणि टाकीचं झाकण उघडणाऱ्याला सांगतात, की नुसती हवा भरून जा बाबा, ती फुकट आहे आणि कुणाचा जीव घेत नाही. काल एका ट्रकवाल्याने अर्धीच टाकी भरली आणि जाताना टाकीला हात जोडले.

हेही हसण्यावारी नेलं असतं, मामा. पण त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. उशीर केलात तर दृष्टी हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऑपरेशनची एक तारीख या हट्टापायी हुकली. परवा त्यांनी माझ्या चहात साखर समजून मीठ घातलं. मी निमूट प्यायलो. त्या बाईंनी लग्नापासून माझ्याकडे कधी सरळ नजरेने पाहिलेलं नाही, पण पाहायची सोय तरी राहावी, असं मला फार वाटतं.

मामींना नमस्कार. पुन्हा जरूर या, गाद्या कुलपात ठेवू.

तुमचा,
पंपवाला जावई

ता. क. : पुढची तारीख सोमवारची आहे. तेलात मोठा वाटा शेवाळाचा असतो, हे तुम्ही मला निघताना जिन्यात हळूच सांगितलं होतंत. तेवढंच त्यांना लिहा, आणि मोठ्या अक्षरात लिहा. बाकीच्या जिवांना पत्रात जागा देऊ नका. मी सांगून उपयोग नाही. दुकानदार आपल्या मालाला चांगलंच म्हणणार, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता डॉक्टरांचा फोन आला. डोळ्यात जे भिंग बसवतात ते प्लास्टिकचं असतं म्हणे. प्लास्टिक कशाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि आता मलाही. तुमच्या जिभेला हाड नाही, तेव्हा तुम्ही कधीतरी सांगणारच. फक्त भिंग बसल्यावर सांगा. मग मला जे काय सुनावायचं ते त्या निदान माझ्याकडे नीट बघून सुनावतील.