झालं म्हणून नोंदवा

मंगळवार, ४ मार्च

आज पसारा आवरला. दवाखान्यांच्या प्रणालीत वर्षानुवर्षं साठलेल्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या, ढीगभर फाइली मिळून एकच फाइल केली आणि जुन्या काढून टाकल्या. साहेब खूश. मीही.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, आज एवढी कसली खुशी? सांगितलं — घरात कधी भिंत सरकवली, कधी खिडकी पाडली, त्या प्रत्येक कामाची चिठ्ठी आम्ही जपतो. नवं घर बांधायचं तर पहिल्या चिठ्ठीपासून सगळं पुन्हा करायचं. मी चिठ्ठ्या फेकल्या आणि आजच्या घराचा एकच नकाशा काढला.

"मग माझ्या कपाटालाही लाव की हात," त्या म्हणाल्या.

"टेकडीवरचा दवाखाना अजून मागच्याच आवृत्तीवर आहे हं, वहिनी," भाऊजी म्हणाले. दवाखान्यांमध्ये आमची प्रणाली बसवण्याचं काम त्यांच्याकडे. मीच शब्द टाकला होता. महिनाअखेर नोकरीत कायम होतील.

मी मान डोलावली. कोशिंबीर वाढून घेतली.

सोमवार, १० मार्च

टेकडीवरून भाऊजींचा फोन. ऑफिसच्या वेळात ते मला मॅडम म्हणतात, तेही हसू दाबून.

"मॅडम, नवी आवृत्ती चढत नाहीये. नोंदींचं टेबल आधीच आहे म्हणतंय."

मी मीटिंगच्या दारात. "आहे ना टेबल? मग ती एकत्र केलेली फाइल चालवू नका. नुसतं झालं म्हणून नोंदवा."

"नक्की?"

"नक्की हो."

"थांबा, फोन टेबलावर ठेवतो. दोन्ही हात लागतील."

कमांड सांगितली. प्रणाली उघडली. "जिंकलात, वहिनी," म्हणाले. मॅडम विसरले.

शुक्रवार, १४ मार्च

टेकडीवर एका ट्रकचालकाला पेनिसिलिन टोचलं. त्याला ते चालत नाही, आणि तशी नोंद जुनी आहे. पण पडद्यावर ॲलर्जीची जागा कोरी! घसा सुजला, श्वास अडला. मोठ्या इस्पितळात हलवलंय.

ऐकताक्षणी कळलं. तिथे टेबलं सगळी होती, एकच पायरी बाकी होती — ॲलर्जीच्या नोंदी जुन्या रकान्यातून नव्या टेबलात न्यायची. त्यात रचनेचा बदल नव्हता, म्हणून एकत्र करताना मीच ती गाळली. बाकी दवाखान्यांत ती कधीच होऊन गेली होती. टेकडीवर नव्हती. आणि मी सांगितलं, झालं म्हणून नोंदवा.

नोंदी जुन्या रकान्यात शाबूत होत्या. दुपारी हलवल्या. जुन्या फाइली काढायच्या आधी सगळे दवाखाने पुढे आलेत ना, हे पाहायचं असतं. हे मी इतरांना शिकवते.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "झालं म्हणून नोंदवायचं कोणी ठरवलं?"

"मीच," भाऊजी म्हणाले.

माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

शनिवार, १५ मार्च

ट्रकचालक शुद्धीवर आहे. बोलतोय. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, मनात पहिल्यांदा आलं ते "आता प्रकरण मिटेल" हे. तो माणूस नंतर.

रविवार, १६ मार्च

भाऊजींकडे पाहून सासूबाई म्हणाल्या, "याचं तोंड का उतरलंय?"

"काही नाही गं आई, उन्हानं."

"याला लहानपणापासून घाईच," असं नवऱ्यानं ऐकवलं. "विचारून करायला काय जातं?" मी भांडी विसळत राहिले.

नंतर भाऊजी ताटं पुसायला आले. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. "भाऊजी —" म्हटलं. ते ताट हातात धरून थांबले.

"सुकलंय ते," मी म्हटलं. "वर ठेवा."

त्यांनी ठेवलं.

मंगळवार, १८ मार्च

भाऊजींचं कायम होणं लांबलं. साहेबांनी मला बोलावलं. "तुमच्या घरचे आहेत. तुम्हाला काही सांगायचंय?"

"कामाला चोख आहेत," मी म्हटलं. वाक्य खरं आहे. म्हणूनच जास्त टोचतंय.

गुरुवार, २० मार्च

साहेबांना मेल लिहायला घेतला. "संवादात थोडा गैरसमज झाला." खोडलं. गैरसमज कसला? त्यांनी "नक्की?" विचारलं होतं, मी "नक्की हो" म्हटलं होतं.

शुक्रवार, २१ मार्च

सांगितलं. केबिनमध्ये, उभ्यानंच. टेकडीबद्दल जेवताना ऐकलेलं, न तपासता काढलेल्या फाइली, फोन. सगळं.

साहेबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाले. "त्यांच्या कायमच्या पत्रावर सही करतो. तुमचं सोमवारी बघू." भलताच थंड माणूस.

शनिवार, २२ मार्च

नोंदी एकेक पडताळायला स्वतः टेकडीवर गेले. तिथल्या सिस्टरनी माझं बोलणं ऐकलं आणि काम थांबवून वर पाहिलं. "फोनवरच्या बाई तुम्हीच ना? त्या दिवशी स्पीकर चालू होता. मी त्याच शुक्रवारी तुमच्या साहेबांना कळवलं, यांनी तुम्हाला विचारूनच केलंय म्हणून. तर तुमचे दीर त्याच संध्याकाळी माझ्यावरच चिडले — वहिनी आपणहून सांगतील, तुम्ही मध्ये कशाला पडलात?"

त्याच शुक्रवारी. साहेबांना तेव्हापासून सगळं ठाऊक होतं, आणि भाऊजींना तेही. म्हणजे रविवारी ताट हातात धरून ते थांबले होते, तेव्हा बुडणारी नोकरी त्यांची नव्हती. माझी होती.