पूनमसारखाच फ्लेक्स

९ नोव्हेंबर
चौकात पूनमचा फ्लेक्स आज पण तसाच. आठवडा होऊन गेला. लोकांच्या वाढदिवसाचे दोन दिवसांत कुणीतरी फाडतं, हिचा कुणी फाडत नाही. दूध घालायला गेले की समोर ती. भाजी आणायला गेले की समोर ती. घट्ट काळे कपडे, डोक्यावर गॉगल, दोन्ही हात वर. खाली लिहिलंय, खडतर ट्रायथलॉन स्पर्धा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल सौ. पूनमताई रणजीत यांचे हार्दिक अभिनंदन.
जाऊ माझी, धाकटी. हिंजवडीला कंपनीत आहे. भाकरी थापली की नकाशा होतो. आणि तिचा फ्लेक्स.
आमचे हे रोज चहा पिताना म्हणतात, पूनमनं घराण्याचं नाव काढलं. मी म्हणाले, मी तीस वर्षं काय काढलं मग? ह्यांनी पेपर वर धरला.

१० नोव्हेंबर
अपेक्षाला विचारलं (लेक माझी, कॉलेजला आहे), ते ट्रायथलॉन म्हणजे असतं काय. म्हणे आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात.
एवढंच? मला वाटलं डोंगरबिंगर चढायचा असेल.
पोहणं म्हणाल तर मी इंद्रायणीत सूर मारत होते तेव्हा पूनम जन्मली पण नव्हती. सायकल, तर माहेरी दिघीला असताना किटल्या अडकवून भोसरीला दूध घालत होते. पळणं, तर बस सुटली की तिच्या मागं कोण पळतं? मीच. आणि त्यातलं नव्वद किलोमीटर तर बसूनच करायचं. बसायच्या कामाला खडतर म्हणतात.
शिवाय ट्राय म्हणजे नुसतं करून बघणं. दुकानात ब्लाउज ट्राय करतो तसं. करून बघितलं तर एवढा फ्लेक्स! अपेक्षा म्हणाली, आई, ट्राय म्हणजे तीन. एवढी फी भरून हे शिकवतात.

११ नोव्हेंबर
ठरलं. फेब्रुवारीत पवना धरणावर तसलीच स्पर्धा आहे. पूनम पण आहे त्यात. अपेक्षाला म्हणाले, घाल माझं नाव. ती हसली. मग माझं तोंड बघून घातलं.
उद्यापासून पहाटे चारला उठणे. भात बंद. चहा बिनसाखरेचा. कुणाला सांगायचं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी नऊ
गजर वाजलाच नसावा. चहात साखर हाताच्या सवयीनं पडली. इंदुताईला सांगितलं, पण ती शेजारची, तिच्या पोटात राहतं.

त्याच दिवशी, दुपारी
पूनमला कळलं. आली ती ओरडतच. ताई, लई भारी! हळूहळू वाढवा हां. मी येऊ का तुमच्याबरोबर पोहायला? मी म्हणाले, मला पाण्याची वाट माहिती आहे. पोहायचा गॉगल देत होती, घेतला नाही. तिचा वापरलेला मी कशाला घालू. (नवाच होता. तरी पण.)
हिला माझी एवढी काळजी कशाला? घाबरली असणार.

२३ नोव्हेंबर
पोहणं. आधी नदीवर गेले. नदीत नुसता पांढरा फेस, पाणी शोधावं लागतं. परत आले. मग तलावावर लेडीज बॅचला गेले. तिथली बाई म्हणाली, मावशी, कॉस्च्यूम लागतो. मी म्हणाले, उद्या बघू, आणि गाऊनवर उतरले. तर काय, गाऊनमध्ये हवा भरली आणि मी वरच्या वर! बुडायचं नाव नाही. हात पण मारायला लागत नाही. पूनमला एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही. तिला कळू द्यायचं नाही.
मग बाईनं शिट्टी मारून बाहेर काढलं. जळतात लोक.

७ डिसेंबर
सायकल. अपेक्षाची शाळेतली आहे, पुढं बास्केट. दिघीला तौफिककडे नेली. आमच्या सगळ्यांच्या सायकली तोच करतो. त्यानं आधी सायकल बघितली, मग मला बघितलं. म्हणाला, काकी, ही ट्यूशनला जायची सायकल आहे. मी म्हणाले, तू ऑइल घाल, तोंड चालवू नको. निदान बास्केट तरी काढू द्या म्हणाला. नाही दिलं. भाकरी कुठं ठेवू?
पूनमच्या सायकलला तर साधं स्टँड नाही. भिंतीला टेकवून ठेवावी लागते, आमच्या ह्यांच्यासारखी.

१४ डिसेंबर
आज महाळुंगेपर्यंत जाऊन आले. कंटेनरवाले कानात हॉर्न मारतात. कंपनीची सेकंड शिफ्टची बस शेजारून गेली, सगळी पोरं खिडकीतून काकू, काकू, करत ओरडली. बरं वाटलं. येताना चढ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. जाताना उतार कसा नव्हता मग? टेम्पोतून आले. पण सायकल माझ्याबरोबरच होती, म्हणून किलोमीटर दोन्ही बाजूंचे धरले.
पूनम आज लोणावळ्याला सायकलवर गेली आणि आली. येऊन आमच्याकडे भज्यांचं ताट संपवलं. तिच्या अंगाला काही लागत नाही. मी नुसतं तळते तरी लागतं.

२८ डिसेंबर
थंडी.

४ जानेवारी
थंडी. शिवाय पाहुणे. पण मनानं तयारी चालू आहे, आणि अपेक्षाच्या मोबाइलवर एक बाई सांगत होती की सगळा खेळ मनाचाच असतो.

१८ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. मी वाण म्हणून स्टीलच्या डब्या दिल्या, घट्ट झाकणाच्या. पूनमनं पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्या तोंडानं ओढायच्या. सगळ्या बायका माझ्याच सतरंजीवर बसून बाटल्या ओढत होत्या. इंदुताई म्हणाली, पूनमचं समदं येगळंच असतं बाई. आणि डबी इथंच विसरून गेली.

२० जानेवारी
चुलत पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापून आली. आपले नम्र, यशवंतराव (म्हणजे आमचे हे) आणि रणजीतराव. आम्ही बायका कुठं? समस्त परिवारात. लाइटबिल ह्यांच्या नावानं. सातबाऱ्यावर दोघं भाऊ. रेशनकार्डावर आहे माझं नाव, पण शालनच्या जागी शालान झालंय. किती वेळा सांगितलं बदलून आणा. हे म्हणतात, गहू मिळतो ना, मग झालं.
म्हशींचं शेण मी काढलं. सासूबाईंचं दुखणं मी काढलं. आणि चौकात नाव लागलं ते काल आलेलीचं, ते पण मराठीत नीट सही न येणारीचं.
एकदा माझं लागलं पाहिजे. नीट, शालन म्हणजे शालनच. मग दुसऱ्या दिवशी फाडला तरी चालेल.

३० जानेवारी
पिंटूकडे गेले. चौकातलं फ्लेक्सचं दुकान त्याचंच, पूनमचा पण त्यानंच केला. म्हणाला, काकू, स्पर्धा होऊ द्या, मग करू. मी म्हणाले, मग तुला दहा वाढदिवस निघतील. सात तारखेला, शनिवारी लाव. रविवारी मी परत येईन तेव्हा वर पाहिजे.
मजकूर काय म्हणाला. मी म्हणाले, पूनमसारखाच. सेम टू सेम. तेवढाच मोठा, तोच रंग, एक अक्षर इकडंतिकडं नको. नाहीतर मागनं म्हणशील जागा पुरली नाही. फक्त फोटो माझा घाल.
म्हणाला, बघा हां काकू, एक अक्षर नको? मी म्हणाले, एक पण नको. कितींदा सांगू?
माझा तसल्या कपड्यांतला फोटो नाही, तर म्हणाला, तुम्ही फक्त तोंड द्या, खालचं मी बघतो. कामाचा आहे पिंटू.

५ फेब्रुवारी
पिंटूनं फ्लेक्सचा नमुना फोनवर पाठवला. चष्मा सापडेना. पण फोटो दिसला. काय दिसते मी! कमरेला कंबर आहे. तीन महिन्यांची मेहनत दिसते. लगेच अंगठा पाठवून दिला.
पळायची प्रॅक्टिस राहिली. पण पळणं शेवटी आहे, तोवर अंग गरम झालेलं असतं.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी, पवना धरण
पूनमच्या गाडीतून आलो. सगळ्यांच्या सायकली ओळीनं लावल्यात. बास्केट एकट्या माझ्याच सायकलला. बास्केटमध्ये पिठलं-भाकरी, पाण्याची बाटली, ही वही. चष्मा सापडला, पिठाच्या डब्यावर होता.
पूनमला इथं सगळे ओळखतात. हाय पूनम, हाय पूनम. मला एकानं विचारलं, काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात? मी म्हणाले, तुला मागं सोडायला.
पिंटूचा फोन आला, फ्लेक्स लावला म्हणून. एकदम मधोमध. आता फक्त पोहणं, सायकल आणि पळणं राहिलं.

८ फेब्रुवारी, पहाटे
कॉस्च्यूम घातला. वरून काळी लेगिंग. गाऊन चालत नाही असं कालच कळलं, नाहीतर मी पहिली आले असते.

दुपारी, तंबूत
पाण्यात सगळ्यांनी लाथा मारल्या. शिकलेली माणसं. मी बाजूला झाले आणि लहानपणी मारायचे तसे हात मारले, मान वर ठेवून. दमले की होडीला धरायचे. धरायला चालतं, होडीनं पुढं ओढायला चालत नाही, हे होडीवाल्यानं तीनदा सांगितलं. पाणी गार होतं आणि स्वच्छ. फेस नाही, वास नाही. मधेच वाटलं, नुसतं असंच राहावं. बराच वेळ पूनम आठवलीच नाही.
सगळ्यांत शेवटी निघाले, पण वेळेत निघाले. हे लिहून ठेवते.
मग सायकल. त्याच रस्त्यानं फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या फेरीत मागून पूनम आली. मागून! म्हणजे मी पुढं होते. तिच्यापेक्षा पुढं! जाता जाता ओरडली, ताई, पाणी पीत राहा! मला बोलण्यात गुंतवायला बघत होती. मी घंटी वाजवली.
थोड्या वेळानं ती परत मागून आली. हे काही मला कळलं नाही.
चढावर चेन पडली. बसवली. परत पडली. म्हटलं तोवर भाकरी खाऊन घेऊ. खाताना एक शिट्टीवाली बाई आली, म्हणाली, काकू, वेळ संपली, तुम्हाला थांबावं लागेल. मी म्हणाले, थांबलेच आहे की. म्हणाली, तसं नाही, स्पर्धेतून. मी म्हणाले, पळायला तर मी अजून सुरुवात पण केली नाही. म्हणाली, ती आता करायची नाही.
सायकल टेम्पोत टाकली. मला पण. ह्या वेळी किलोमीटर धरता येत नाहीत.
टेम्पोत बसल्यावर फ्लेक्स आठवला. यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल! पिंटूला फोन केला, काढ म्हणायला. उचलत नाही. परत केला. उचलत नाही. सगळं गाव आत्ता वाचत असेल.

संध्याकाळी, घरी
पूनमनं पूर्ण केली. गळ्यात पदक घालून गाडी चालवत होती. मी म्हणाले, चौकातनं नको, स्पाइन रोडनं चल. म्हणाली, तिकडून कशाला, ताई, लांब पडतं. स्कार्फ तोंडाला गुंडाळला, डोळे तेवढे बाहेर.
चौकात तिनं गाडीच थांबवली. मान वर केली. मी चष्मा लावला.
तोंड माझं. त्याखाली कंबर, हात, काळे कपडे सगळे पूनमचे, गेल्या वेळचेच. आणि त्याखाली एवढ्या मोठ्या अक्षरांत, सौ. पूनमताई रणजीत यांचे हार्दिक अभिनंदन. शेवटी शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ. शालन कुठंच नाही. शालान पण नाही.
पूनमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, ताई, मी पूर्ण करणार म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच माझा फ्लेक्स लावला? स्वतः स्पर्धेत असून? आणि गळ्यातच पडली, त्या पदकासकट. ते टोचतं. म्हणाली, फोटोचं काय एवढं, शुभेच्छुकांचा फोटो मोठा असतोच की.
मी म्हणाले, असू दे.
पिंटूनं आत्ता फोन उचलला. बोलू दिलं तेव्हा म्हणाला, काकू, तुम्हीच म्हणाला ना एक अक्षर इकडंतिकडं नको? नमुन्याला अंगठा पण तुमचाच. सांगा, बदलून देतो.
काय बदलायचं? नाव माझं घातलं तर मी पूर्ण केलेली नाही. फोटो तिचा घातला तर चौकात तिचा दुसरा फ्लेक्स, तो पण माझ्या पैशानं. म्हणाले, राहू दे.
हे चौकात जाऊन बघून आले. म्हणाले, आयुष्यात पयल्यांदा जावेसाठी काही केलंस, बरं वाटलं. मला स्वतःहून चहा करून दिला. साखर विसरले.

९ फेब्रुवारी
अंग हलत नाही. पूनम ओट्यावर बसून माझ्या पायांना तेल लावत होती, नको म्हणत होते तरी. तेवढ्यात इंदुताई आली. तिनं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून केलेलं नाही. पदर सावरत पूनमला म्हणाली, अगं, चौकात फोटू बघितला तुझा. नाव वाचलं म्हणून वळखलं तरी. किती ओढला गं चेहरा! चाळिशी उलटल्यावानी दिसाया लागलीस. अगदी ह्या शालनसारखी. पुरे कर आता ते पळणं.
पूनम माझ्याकडे बघायला लागली.
मी म्हणाले, उन्हानं होतं तसं.