वारा सरला का?

४ जून
आज पुन्हा भोपळा! पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी झोपी जातात. आमच्या गोळीने ती लवकर जागी होतात का, एवढंच शोधायचंय. जागी झाल्याची खूण एकच — वारा सरणं. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ खाटेखाटेशी विचारत फिरते, "वारा सरला का?" सगळे छताकडे बघतात. "नाही हो."
सर म्हणाले, "दोन महिन्यांत आकडे दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा."

५ जून
आईचा फोन. मागून बाबांचा आवाज — "डॉक्टर होऊन लोकांचा वारा मोजतेस का, विचार तिला!" मी दवाखाना थाटला नाही म्हणून दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं ते आईला सांगतात, मला ऐकू जाईल अशा बेताने.

९ जून
सापडलं! खाट नऊचे मास्तर तीन दिवस "नाही" म्हणताहेत. आज त्यांच्या बायकोने बिंग फोडलं. "कसलं नाही? परवापासून नगारा वाजतोय! पोरीच्या वयाच्या बाईला कसं सांगायचं, म्हणतात!" मास्तर चादरीत गडप.
म्हणजे आमचे आकडे आतड्यांचे नाहीतच, लाजेचे आहेत! आणि मी शहाणी महिनाभर ते इमानेइतबारे उतरवून घेतेय.

१० जून
वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "विचारता कशाला? घंटी द्या हातात. झालं की वाजवा म्हणावं."
सरांच्या हातापाया पडून जुने आकडे रद्द केले. नवे पेशंट, नवी सुरुवात, वीस घंट्या.

१३ जून
टण्! टण्! खाट चार आणि खाट अकरामध्ये चुरस लागलीय!

६ ऑगस्ट
पाकीट उघडलं. खरी गोळी कोणाला, नुसती पिठाची कोणाला, ते आज कळलं. खरीवाल्यांची घंटी सव्वा दिवस आधी! जिंकलो! सरांनी स्वतः चहा आणला. मावशींना मी मिठीच मारली, फडक्यासकट.

९ ऑगस्ट
बाबांच्या आतड्याला पीळ पडला. तातडीने ऑपरेशन, आमच्याच वॉर्डात. गोळी अभ्यासाबाहेर कोणालाच देता येत नाही — त्यांनाही नाही. उशाशी घंटी ठेवली. त्यांनी तोंड फिरवलं.

१२ ऑगस्ट
घंटी गप्प. पोट फुगलंय. फार भीती वाटते.

१३ ऑगस्ट
टण्.
मी दारातच होते. बाबांनी माझ्याकडे बघून पुन्हा वाजवली.
"लिहून घे," म्हणाले. आईला नाही. मला!