शिवणीच्या तीन फळ्या

ता. ११ ऑक्टोबर १९३७, सोमवार
अंगात हिव भरलं. पंधरा दिवसांमागे टुनकीच्या लाकूडडेपोत दोन रात्री काढल्या, मी आणि करवत ओढणारा शालिग्राम — तिथलंच हे. तोही तापानं पडला आहे.
पण लाकूड मिळालं! शिवणीच्या झाडाचा ओंडका, चार वर्षं सावलीत वाळलेला. तीन फळ्या काढल्या, रेषा सुतासारख्या सरळ. बाजू आणि पाठीसाठी शिसव घरात आहेच.
शेगाव स्टेशनावरचे गार्ड कुलासो साहेब, गोव्याचे. त्यांची गिटार वैशाखात पोटावर उभी तडकली. म्हणाले, "कडूबा, तू वीणा करतोस. हिच्या मापानं नवी कर. पण इथल्या उन्हात टिकेल अशा लाकडाची." आमच्या संग्रामपुरात हे वाद्य कुणी केलेलं नाही. मी करणार.

ता. १४, गुरुवार
दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणल्या. जहर! पंधरा दिवस चुकवू नको, म्हणाले कंपाउंडर. ताप उतरला.

ता. १७, रविवार
शिसवाच्या पट्ट्या भिजवून तापल्या नळीवर वाकवल्या. एक कडकन मोडली. दोन वळल्या.
पोटाची, तारांखालची फळी मात्र निवडता येत नाही! फळी कोपऱ्याला धरायची, बोटाच्या पेरानं ठोकायची — जी जास्त वेळ गुणगुणते ती घ्यायची. बाबांनी एवढंच शिकवलं. आज ठोकतो तर कानात नुसते रातकिडे. तिन्ही फळ्या मुक्या.
कंपाउंडर म्हणतात, कोयनेलनं कान वाजतात. होतं असं.

ता. १८
गोळी घेतली नाही. बायकोला, सोजराला, सांगितलं नाही.

ता. २०, बुधवार
कान जरा मोकळे वाटले. फळ्या हाती घेतल्या तोच दात वाजायला लागले. सोजरानं चार गोधड्या टाकल्या. मग गोळ्यांची डबी उघडून बघितली.
"गोळ्या काऊन उरल्या?"
मी गोधडी डोक्यावर ओढली.
"एका फळीपायी मरता का?"
कान गेल्यावर जगून काय करू, म्हणालो. ती रडली नाही. उठून गेली.

ता. २३, शनिवार
शालिग्राम पहाटे गेला. गोळ्या थुंकून टाकायचा म्हणे. डेपोत त्याला मीच नेलं होतं. त्याची आई गोजरबाई एवढंच म्हणाली, "तुह्यासंगच गेलता ना बा तो?"
तरी आजही मी गोळी घेतली नाही. लिहायला लाज वाटते.

ता. २४, रविवार
मी काम करतो त्या पडवीत सोजरा आली. कधी येत नाही. म्हणाली, "तुमी ठोका, मी आयकतो. कोनती वाजते ते सांगतो. पन आंधी गोळी."
घेतली. पहिली फळी ठोकली. तिनं डोळे मिटले. "नाही." दुसरी. "हे बी नाही." तिसरीला बराच वेळ थांबली — "हे! पाहा ना, किती वेळ वाजून राह्यली!"
मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. तेवढा पुरला.

ता. ८ नोव्हेंबर, सोमवार
ताप नाही. दिवाळी कशी गेली कळलं नाही. पोट रंध्यानं तासून एक सूत जाडीवर आणलं. आतल्या पट्ट्या सरसानं बसवल्या. मान सागाची, तिच्यावर टेंभुर्णीचा काळा गाभा. दर वेळी ठोकून सोजराला विचारतो, अजून छिलू? "छिला." आता? "आता बस." आणि गोळ्या होत्या तोवर दर वेळी आधी गोळी!
उजवा कान पार बंद. डावाही अर्धाच. गोळ्या संपल्या तरी कान उघडत नाहीत.

ता. ५ डिसेंबर, रविवार
गिटार शेगावला नेली. कुलासो साहेबांनी तारा चढवल्या, वाजवू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हात थांबला. पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबले. मग माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "काम देखणं आहे, कडूबा. पण आवाज बसका. ही गात नाही."
परत आणली.

ता. ६
सोजराला नको ते बोललो. तुझ्या कानानं मला बुडवलं, म्हणालो. ती भांडी घासत राहिली.

ता. ९, गुरुवार
आज सोजरानं सांगितलं. तिला तिन्ही फळ्या सारख्याच वाटल्या होत्या. पहिलीच चांगली म्हटली असती तर मला खरं वाटलं नसतं, म्हणून तिसरी. "मले काय समजते लाकडाचं? गोळी तं पोटात गेली ना!"
एवढं सांगायला तिला ओरडावं लागलं. आधी गल्लीनं ऐकलं, मग मी.